त्रेसष्ट अंशांवरचं शून्य

सकाळी साडेनऊले प्रकाशाचा ठिपका शून्यावर आला तेव्हा भट्टीचं तापमान एकाहत्तर होतं. त्रेसष्ट असायले पाहिजे होतं. करुणाच्या प्रबंधात त्रेसष्ट छापलं होतं, काळ्या बांधणीत, वर सोनेरी अक्षरं. आणि त्या प्रबंधाच्या परीक्षक मॅडम पुण्याहून निघून तुमसर रोड स्टेशनवर अकराले उतरणार होत्या.

मी हेमराज. तुमसरच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायक आहे, सत्तावीस वर्षं झाली. सहायक म्हणजे काय, तर जे तुटते ते जोडायचं अन् जे जुळते त्याचं नाव सरांले जाऊ द्यायचं. मले बोलायची खोड आहे, राग नाकावर बसला असते, हे आधीच सांगतो. घरी बायको म्हणते, तुमच्या तोंडाले कुलूप लावा. त्या दिवशी नेमकं लावलं. नको तिथं लावलं.

करुणा रंगारी म्हणजे जवाहरनगरच्या क्वार्टरात वाढलेली पोरगी. बाप तिथल्याच फॅक्टरीतून रिटायर झालेला. सहा वर्षं आमच्याकडे तासिकेवर शिकवून राहिली होती, म्हणजे तास घेतला तर मास्तरीण, सुट्टी लागली की कोणी नाही. यंदा एकदाची कायम जागा निघाली. मुलाखत तीस मेले, अन् अट पीएचडीची. अठरा मेले तोंडी परीक्षा होऊन परीक्षकांची सही झाली, तर विद्यापीठाचं पत्र तिसापर्यंत हातात पडत होतं. त्या दिवशी सही झाली नाही, तर जागा गेली. पुढची कधी निघन हे ब्रह्मदेवालेही सांगता येणार नाही.

परीक्षा आमच्या कॉलेजातच ठेवली होती, कारण परीक्षक मॅडमनी कळवलं होतं की मले यंत्र डोळ्यानं पाहायचं आहे. मुख्य मोजणी माझ्यासमोर एकदा करून दाखवा, मंग प्रश्न विचारीन. करुणाचे गाइड कृष्णराव सर हसले होते. त्यात काय, म्हणे, त्रेसष्ट तर रोज येते.

यंत्र काय आहे ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईन. फेराइटचं क्रिस्टल, मसुरीच्या दाण्याएवढी काळी चकती. आमच्या ऑफिसातले लोक विचारत, चिखल्याच्या मँगनीज खाणीतला गोटा उचलून आणला काय वं? तसं नाही. ते बाहेरच्या प्रयोगशाळेत वाढवलेलं, मँगनीजचं फेराइट, चिमूटभर कोबाल्ट घातलेलं. असल्या क्रिस्टलच्या चुंबकत्वाले काही दिशा आवडतात, काही आवडत नाहीत. मोठ्या चुंबकाच्या मधात तिरपं धरलं की ते आपल्या आवडीच्या दिशेकडं वळायले पाहते. पुस्तकात त्याले अनायसोट्रॉपी म्हणतात. करुणा पोराईले शिकवताना म्हणे, क्रिस्टलची जिद्द. उष्णता दिली की ही जिद्द कमी होत जाते, अन् तिच्या क्रिस्टलमध्ये एका तापमानाले ती पार शून्य होते. त्याच्या पुढं तापवलं तर उलटी होते, काल जी दिशा आवडत होती तीच नकोशी. ते शून्य नेमकं किती अंशांवर येते, कोबाल्ट कमीजास्त केलं तर ते कुठं सरकते, हा तिचा सारा प्रबंध. चौदा क्रिस्टल, चार वर्षं; पहिली दोन क्रिस्टल जमवण्यात, पुढची दोन मोजण्यात.

मोजायची रीत अशी. क्रिस्टल बारीक कांडीले चिकटवलेलं, कांडी धाग्यानं टांगलेली, खालूनही ताणून बांधलेली. भोवती छोटी भट्टी, बाजूले चुंबक, अन् हे सगळं काचेच्या पेटीत. कांडीवर इवलासा आरसा. आरशावर दिव्याचा उजेड टाकला की समोरच्या भिंतीवरच्या पट्टीवर ठिपका पडते. क्रिस्टल वळलं की धाग्याले पीळ बसते, ठिपका सरकते. ठिपका मी वाचायचा, करुणानं लिहायचं. तापमानाच्या प्रत्येक अंशाले चुंबक पुरा गोल फिरवून मोजलं तर एका क्रिस्टलले दोन-दोन दिवस लागत. म्हणून जिथं ओढ सगळ्यात जास्त असते त्या एकाच तिरप्या कोनावर चुंबक ठेवायचा अन् भट्टी तापवत जायचं. सरांनी चालते म्हटलं होतं.

तर एकाहत्तर. करुणानं थर्मामीटरची तार बर्फात बुडवून पाहिली, बरोबर. चुंबकाचा करंट पाहिला, बरोबर. दिवा, आरसा, कोन, सगळं जागच्या जागी. मंग ती माझ्याकडे वळली अन् म्हणाली, भाऊ, तुमी काही हलवलं काय?

मले अस्सा राग आला. मी म्हटलं, सत्तावीस वर्षांत या हातानं काही हललं नाही, आता हलन काय? ती स्टुलावर बसली अन् दोन्ही हातांनी कपाळ धरलं. बाबा सकाळीच पेढ्याची ऑर्डर देऊन आले, म्हणाली. तिचा आवाज फाटला तसा माझा राग कुठल्या कुठं गेला. भट्टी थंड व्हायले तासभर लागणार होता, आणखी एक चाचणी करायले वेळच नव्हता. कृष्णराव सर गाडी घेऊन स्टेशनवर निघाले होते. करुणा तोंड धुवायले अन् कागद लावायले वर गेली.

मी एकटा राहिलो. पेटी उघडली अन् सहज धाग्याले बोट लावलं. कोरडा ठाक, कडक. मे महिना, बाहेर चव्वेचाळीस, दुसरं काय होईन? अन् तिथंच माझं बोट थांबलं.

हा धागा मी आणला होता. दोन वर्षांआधी ऐन पावसाळ्यात यंत्राची मूळची पितळी पट्टी तुटली. नवी यायले तीन महिने लागत होते. आमी आंधळगावचे कोष्टी, घरात कोसा, म्हणजे टसरचं रेशीम. माझी माय बायजाबाई अजूनही कोशातून धागा काढते, मांडीवर तळहातानं घासून, जशी तिची माय काढे. मी तिच्याकडून चांगला जाड अन् आखूड धागा आणला. करुणानं हातात घेऊन विचारलं होतं, याले पीळ नाही ना भाऊ? अन् मी छाती फुगवून म्हटलं होतं, एकेरी आहे, सरळ. तो असा बसला की नवी पट्टी मंग मागवलीच नाही.

आमच्या घरात दोन पदर एकात एक बटले तरच त्याले पीळ म्हणतात. एकेरी तो सरळ. शंभर वर्षं आमी तसंच म्हणून राहिलो. पण मांडीवर हात एकाच बाजूले घासला जाते ना. एकेरी धाग्यातही एका बाजूले मुरडलेला वळ असतेच, माय रोज तो घालते अन् मी लहानपणापासून पाहतो. फक्त त्याले आमी पीळ म्हणत नाही. करुणानं विचारला फिजिक्सचा पीळ, मी उत्तर दिलं कोष्ट्याचं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. रेशमाचं तसं नाही. ओला धागा वाळायले लागला की थोडा थोडा उकलते, माय उन्हात लडी टाकत नाही ती यापायीच. पावसाळ्यात रात्रभर हा धागा हवेतली ओल पिऊन बसे, सकाळी भट्टीची धग लागली की वाळून उकले, अन् उकलता उकलता ठिपका आधीच शून्याकडं ओढून नेये. रोज तेवढाच. म्हणून रोज त्रेसष्ट. करुणाची सारी मोजणी जुलै ते सप्टेंबरमधली. आता उन्हाळ्यात धागा आधीच वाळलेला, उकलायचं काही उरलंच नाही, म्हणून एकाहत्तर. क्रिस्टल तेच होतं. चौदाही क्रिस्टलच्या आकड्यांत माझ्या मायच्या मांडीचा वळ मिसळला होता.

 घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. वर जाऊन करुणाले सांगायले दोन मिनिटं लागली असती. सांगून होणार काय होतं? परीक्षा रद्द, सही नाही, तीस तारीख गेली, अन् सारं माझ्या एका शब्दापायी. मी तिले रोज डबा न खाता आकडे लिहिताना पाहिलं आहे. मले ते सोसवेना.

खिडकीत कूलर होता. हवेनं ठिपका हलते म्हणून करुणा तो कधी लावू देत नसे. मी त्यात दोन बादल्या पाणी ओतलं, वाळ्याची ताटी भिजवली, झडपा भिंतीकडं वळवल्या अन् चालू केला. पेटीचं दार उघडंच ठेवलं. पाऊण तासात खोलीत पावसाळ्यासारखी दमट हवा झाली. धाग्याले बोट लावून पाहिलं, मऊ झाला होता. मंग पेटी लावून घेतली.  चोरी कधी केली नाही, पण चोराले कसं वाटत असन ते त्या दिवशी समजलं.

सव्वाअकराले सगळे आले. मॅडम पन्नाशीच्या, सुती साडी, कमी बोलणाऱ्या. करुणानं आत पाय टाकताच कूलरकडं पाहिलं. मी म्हटलं, पाहुण्यांले आपल्याकडची गर्मी सोसणार नाही. हवा पेटीकडं नाही, पाहून घे. तिनं पाहिलं, मान हलवली. तिच्या डोक्यात एकाहत्तरचा घोर होता, कूलरसाठी जागा नव्हती.

मोजणी सुरू झाली. मी पट्टीजवळ, करुणा वहीजवळ, मॅडम माझ्या खांद्यामागं. चाळीस अंश, ठिपका बत्तीसवर. पंचेचाळीसले सव्वीस. पन्नासले एकोणीस. मी आकडा सांगत होतो अन् माझाच आवाज मले परका वाटत होता. पंचावन्नले बारा. करुणाची पेन्सिल थांबली. सकाळी पंचावन्नले ठिपका एकोणीसवर होता, हे तिलेही आठवत होतं अन् मलेही. साठले चार. कृष्णराव सर खुर्चीतून उठून उभे राहिले. एकसष्टले तीन, बासष्टले दीड. त्रेसष्टले ठिपका शून्याच्या रेघेवर येऊन बसला.

सरांनी टेबलावर थाप मारली. मॅडम पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, छान, मला एवढंच डोळ्यांनी बघायचं होतं, आता प्रश्न फार नाहीत. त्यांनी फाइल ओढली, पेनचं टोपण काढलं. मी भिंतीले टेकलो. सुटलो, असं मनात आलं. खरं सांगतो, तेच आलं.

करुणा उठली नव्हती. वहीकडं पाहत होती. मंग ती म्हणाली, "मॅडम, सही करायच्या आधी एक सांगायचं आहे. सकाळी साडेनऊले हेच क्रिस्टल एकाहत्तरवर शून्य झालं होतं. कसं, ते मले सांगता येत नाही."

 सरांचा चेहरा काळाठिक्कर पडला. मॅडमनी टोपण परत लावलं. सकाळी अन् आता काय काय वेगळं होतं, ते त्यांनी विचारलं. करुणा एकेक सांगत गेली, करंट तोच, कोन तोच, थर्मामीटर तपासलेला. शेवटी तिची नजर कूलरवर गेली. तिथून माझ्यावर आली अन् माझ्यावरच राहिली. कूलरचं नाव तिनं घेतलं नाही. तिनं घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "मॅडम, धागा आहे तो. धाग्याले वळ आहे."

मंग सगळं सांगितलं. मांडीवर हात घासून दाखवला, वळ कोणत्या बाजूले बसते ते दाखवलं, पावसाळ्यात अन् उन्हाळ्यात काय होते ते सांगितलं. आमी पीळ कशाले म्हणतो तेही सांगितलं. मॅडमनी मधात एकदाही टोकलं नाही. कूलरमुळं धागा पुन्हा ओला झाला असन, असं म्हणालो. कूलर कोणी लावला, कायले लावला, हे नाही म्हणालो. मॅडमले वाटलं योगायोग. तेवढं मी पोटात ठेवलं.

मॅडम म्हणाल्या, मग चुंबक पूर्ण फिरवा. क्रिस्टलची ओढ एका फेऱ्यात चारदा इकडं अन् चारदा तिकडं होते. धाग्याची ओढ चुंबक कुठंही असो, एकाच बाजूला राहते. दोन्ही वेगळ्या काढता येतील. कोणी जेवायले गेलं नाही. दुपारभर तापमानाच्या दर दहा अंशांले, अन् शून्याजवळ दर दोन अंशांले चुंबक गोल फिरवत राहिलो, आधी कूलर चालू ठेवून, मंग धागा वाळवून परत. माझे डोळे चुरचुरत होते. साडेसहाले करुणानं हिशेब पुरा केला. ओल्या धाग्यानं चौऱ्याहत्तर, कोरड्या धाग्यानंही चौऱ्याहत्तर. क्रिस्टलचं खरं शून्य तिथं होतं. सकाळचं एकाहत्तरही खोटंच होतं, थोडं कमी खोटं; वाळल्या धाग्यातही थोडी ओढ उरलीच होती.

मॅडमनी निकाल सांगितला तो नरमाईनं सांगितला, पण सांगितला. काम चांगलं आहे, मोजणीची मेहनत खरी आहे, पण चौदाही क्रिस्टलांचे आकडे चुकले आहेत. सगळे पुन्हा मोजायचे, प्रबंध दुरुस्त करून द्यायचा, सहा महिन्यांची मुदत. सही केली ती त्या शेऱ्याखाली. कृष्णराव सर त्यांले सोडायले गेले ते करुणाशी एक शब्द न बोलता.

तीस मेची जागा तिथंच गेली. करुणानं बापाले फोन केला. पेढ्याचं राहू द्या बाबा, एवढंच म्हणाली, अन् कितीतरी वेळ तिकडचं ऐकत उभी राहिली.

आमी दोघं लॅब आवरत होतो. ती तारा गुंडाळून राहिली होती.  म्हटलं, करुणा, माझ्या धाग्यानं तुझा घात केला वं. देवाशपथ मले माहीत नव्हतं.

ती तारा गुंडाळतच म्हणाली, "धाग्याचं तुमाले माहीत नव्हतं. कूलरचं माहीत होतं."

मी म्हटलं, तुझ्याचसाठी केलं. तुझी जागा जाऊ नये म्हणून.

"माझ्यासाठी म्हणू नका, भाऊ. तशी सही झाली असती तर मी तो त्रेसष्ट जन्मभर पोराईले शिकवला असता. अन् तुमी रोज समोर बसून ऐकला असता."

तिनं कूलरचं बटन स्वतः बंद केलं, पर्स घेतली अन् गेली. मी त्या दमट खोलीत बसून राहिलो. मले रडू आलं, अन् स्वतःचाच राग आला, दोन्ही एकदमच.

जूनमध्ये त्या जागेवर बाहेरगावचा एक जण रुजू झाला. चांगला आहे बिचारा, त्याचा काय दोष. करुणा पुन्हा तासिकेवरच आली. नवी पितळी पट्टी बसवली आहे, चुंबक पुरा गोल फिरवतो, एका क्रिस्टलले दोन दिवस लागतात तर लागू दे. नऊ झाले, पाच राहिले. ती माझ्याशी बोलते, चहा सांगते, मायची तब्येत विचारते. रागावून बोलली असती तर मले परवडलं असतं. पण आता मोजताना एक नवीन सुरू झालं आहे, अन् ते मले लागते, रोज लागते.

मी पट्टीजवळ उभा राहून ठिपका वाचतो. म्हणतो, सतरा. करुणा पेन्सिल खाली ठेवते, उठते, पट्टीजवळ येते, वाकून पाहते, परत जाते, मंग लिहिते. सतराच असतात.